साडेअकरा सेंटिमीटर: लाल पट्टीत सापडलेल्या बाळाचं पुढे काय होतं?

पालघर जिल्ह्यातला एक पाडा, श्रावणातली ओली सकाळ. अंगणवाडीच्या दारात चपलांचा ढीग आणि आतून खिचडीचा वास. दीड वर्षाचा एक मुलगा आजीच्या मांडीवर बसला होता. रडत नव्हता, खेळत नव्हता, समोर धरलेल्या बिस्किटाकडे बघतही नव्हता. सेविकाताईंनी त्याचा डावा हात कोपरात दुमडला, खांद्याच्या टोकापासून कोपराच्या टोकापर्यंत सुतळी धरली, ती मधोमध दुमडली आणि मध्य आला तिथे बॉलपेनाने ठिपका दिला. मग हात सैल सोडायला लावून त्या ठिपक्यावर एक पातळ पट्टी गुंडाळली. या पट्टीला छोटी खिडकी असते. खिडकीत लाल रंग आला. ११.३ सेंटिमीटर.

पट्टी लावण्याआधी ताईंनी त्याच दंडावरचा काळा दोरा बाजूला केला होता. तो अलगद कोपरापर्यंत घसरला.

"आवसेला बांधला तवा घट्ट होता," आजी म्हणाली. मग जरा थांबून, "अंगच बारीक हाय त्याचं. बापावर गेलाय."

दोरा आणि पट्टी एकच गोष्ट सांगत होते. फरक एवढाच, की पट्टीवर आकडा होता आणि त्या आकड्यापुढे काय करायचं हे ठरलेलं होतं. ते काय, आणि तसंच का, हे इथे सांगायचा प्रयत्न करते. "खायला घाला की भरपूर, त्यात काय एवढं" असं आपल्याला वाटतं. या बाळाच्या बाबतीत पहिल्याच दिवशी भरपूर खायला घातलं तर ते दगावू शकतं, इथून सुरुवात करायला हवी.

दंडच का?

वजनकाटा असताना दंड कशाला मोजायचा, असा प्रश्न मलाही पडला होता. त्याचं उत्तर बाळाच्या वाढीत आहे. निरोगी मूल एक ते पाच वर्षांच्या दरम्यान उंच होतं, वजन वाढतं, पण त्याच्या दंडाचा घेर फारसा बदलत नाही. तान्हेपणीची गुबगुबीत चरबी हळूहळू कमी होते आणि तिच्या जागी स्नायू येतात, म्हणून माप जवळपास तेवढंच राहतं. त्यामुळे सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या सगळ्या मुलांना एकच पट्टी चालते. जन्मतारीख माहीत नसली तरी अडत नाही. पाड्यावर "होळीच्या पुढं झाला" एवढीच तारीख मिळते, तिथे ही मोठी सोय आहे.

साडेबारा सेंटिमीटर आणि त्याच्या वर हिरवा रंग. साडेअकरा ते साडेबारा पिवळा, म्हणजे मध्यम कुपोषित, कागदावरच्या भाषेत 'मॅम'. साडेअकराच्या खाली लाल, म्हणजे अतितीव्र कुपोषित, 'सॅम'. सेविकांच्या बोलण्यात ही अक्षरं आता इतकी मुरली आहेत की "माझ्याकडं दोन सॅम, चार मॅम" असं त्या सहज सांगतात. लाल रेघ २००९ पर्यंत अकरा सेंटिमीटरवर होती. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी ती अर्ध्या सेंटिमीटरने वर आणली, म्हणजे तब्येत थोडी बरी असतानाच मूल पकडता यावं. पेन्सिलीच्या जाडीपेक्षाही कमी असं हे अंतर, पण त्यामुळे जगभर लाखो मुलांचं नाव उपचाराच्या यादीत आलं.

दंड मोजून भूक ओळखण्याची ही पद्धत युद्धात तयार झाली. १९६७ ते १९७० या काळात नायजेरियात बियाफ्राचं यादवी युद्ध चाललं होतं. वेढ्यात अडकलेल्या मुलांची उपासमार होत होती. हजारो मुलं रांगेत उभी आणि अन्न मोजकं. वजनकाटे लावायला ना वेळ, ना जागा. तिथे काम करणाऱ्या क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या स्वयंसेवकांनी एक काठी वापरात आणली. तिच्यावर उंचीच्या खुणा, आणि प्रत्येक खुणेला तेवढ्या उंचीच्या मुलाचा दंड किमान किती भरायला हवा तो आकडा. दंड मोजायचा, मुलाला काठीशेजारी उभं करायचं, आणि काही सेकंदांत ठरवायचं, याला आधी. आजच्या तिरंगी पट्टीची पणजी म्हणजे ती काठी.

कुपोषण एक नाही

वर्तमानपत्रात 'कुपोषण' हा एकच शब्द छापून येतो आणि सगळा गोंधळ तिथून सुरू होतो. एखादं मूल महिनोन्महिने, वर्षानुवर्षे कमी खात राहिलं, सारखं आजारी पडत राहिलं, की त्याची उंचीच खुंटते. हा खुजेपणा. असं मूल अंगाने नीटनेटकं दिसतं, फक्त चार वर्षांचं असून अडीचचं वाटतं. दुसरा प्रकार रोडावण्याचा: उंचीच्या मानाने वजनच नाही, बरगड्या मोजता येतात, ढुंगणावरची कातडी सैल पँटसारखी लोंबते. शाळेच्या पुस्तकात आपण याला 'सुकटी' म्हणून शिकलो. खुजेपणा आयुष्य हळूहळू कुरतडतो, रोडावणं मात्र काही आठवड्यांत जीव घेऊ शकतं. लाल पट्टी या दुसऱ्या प्रकारासाठी आहे.

आणि एक तिसरा, फसवा प्रकार आहे: 'सुजवटी'. यात मूल बारीक दिसतच नाही. गाल फुगलेले, पाय टरटरीत. घरचे म्हणतात, बाळसं धरलंय. ताई मात्र दोन्ही पावलांवर अंगठ्याने तीन सेकंद दाबून बघतात. अंगठा काढल्यावर खड्डा तसाच राहिला, तर पट्टी हिरवी असली तरी ते मूल सॅमच. १९३०च्या दशकात आजच्या घानामध्ये काम करणाऱ्या डॉ. सिसिली विल्यम्स यांनी या आजाराचं नाव तिथल्या गा भाषेतून उचललं: क्वाशिओरकर. पाठचं भावंड आलं की आईच्या दुधावरून उठवलेल्या मुलाला होणारा आजार, असा त्याचा अर्थ. तिथल्या बायांनी एका शब्दात कारणासकट निदान करून ठेवलं होतं, डॉक्टरीणबाईंनी ते कान देऊन ऐकलं.

वजन-उंचीचा तक्ताही बघितला जातो. त्यात 'उणे दोन', 'उणे तीन' असे आकडे येतात आणि भल्याभल्यांचे डोळे गरगरतात. कल्पना सोपी आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९९७ ते २००३ या काळात ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांतली सुमारे साडेआठ हजार धडधाकट मुलं मोजली. भारतातली मुलं दक्षिण दिल्लीतली होती. नीट खायला मिळालं, आईचं दूध मिळालं, घर स्वच्छ असलं की कुठल्याही खंडातली मुलं लहान वयात साधारण सारखीच वाढतात, असं त्यातून दिसलं. या मुलांना उंचीच्या मानाने वजनानुसार रांगेत उभं केलं, तर 'उणे तीन'च्या खाली, म्हणजे तक्त्यानुसार सॅम, असं हजारात जेमतेम एखादं-दुसरं मूल सापडेल.

आता महाराष्ट्राचा आकडा. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात राज्यातली १०.९ टक्के मुलं त्या रेषेखाली होती. म्हणजे हजारात एकशेनऊ. त्याआधीच्या सर्वेक्षणात हा आकडा ९.४ टक्के होता. देशाचा ७.७. श्रीमंत म्हणवणाऱ्या आपल्या राज्याची ही गत बघून मी तो आकडा दोनदा तपासला होता.

एक खोच इथे सांगायलाच हवी. तक्ता आणि पट्टी नेहमी तीच मुलं दाखवत नाहीत. भारतात तर तक्त्याने सॅम ठरलेल्या बऱ्याच मुलांचा दंड पिवळ्यात किंवा हिरव्यात येतो. त्यामुळे नुसत्या पट्टीवर विसंबून "आमच्या तालुक्यात सॅम नाहीच" म्हणणं म्हणजे मांजराने डोळे मिटून दूध पिणं. आणि तक्तासुद्धा माप घेणाऱ्याच्या हातावर अवलंबून. दोन वर्षांखालच्या बाळाला झोपवून लांबी मोजायची, मोठ्याला उभं करून उंची. ही अदलाबदल झाली तर सुमारे पाऊण सेंटिमीटरचा फरक पडतो आणि तेवढ्यात एखादं मूल रेषेच्या अलीकडचं पलीकडे जातं.

भूक लागली तर रडेल ना?

आजीचा नातू रडत नव्हता, हीच सगळ्यात वाईट खूण होती. अन्न कमी पडू लागलं की शरीर काटकसर सुरू करतं. आधी चरबी जाळतं, मग स्नायू. नंतर एकेक खातं बंद करत जातं. हृदय सावकाश चालतं, यकृत-मूत्रपिंड मंदावतात, पाचक रस कमी होतात, आतड्याचं अस्तर झिजतं. खेळणं, हसणं, रडणं हा खर्च शरीराला परवडेनासा होतो. भूकही मरते. वाटी पुढे केली तर मूल तोंड फिरवतं आणि घरच्यांना वाटतं, हट्टी आहे, नजर लागली असेल, दात येत असतील.

रोगप्रतिकारशक्तीचं खातंही याच काटकसरीत जातं. साध्या मुलाला न्यूमोनिया झाला की तो तापाने फणफणतो. सॅमच्या बाळाला ताप येईलच असं नाही, कारण ताप यायलाही अंगात ताकद लागते. उलट त्याचं अंग गार पडतं. म्हणून अशा मुलाला संसर्गाची खूण दिसो न दिसो, प्रतिजैविकाचं औषध सुरू करतात. जुलाब झाले की अन्न टिकत नाही, अन्न नाही म्हणून आतडं झिजतं, आतडं झिजलं म्हणून पुन्हा जुलाब. हे रहाट फिरत राहतं. जगात पाच वर्षांखालच्या बालमृत्यूंपैकी जवळजवळ निम्म्या मृत्यूंच्या मुळाशी कुपोषण असतं, पण मृत्यूच्या नोंदीत लिहिलं जातं न्यूमोनिया, अतिसार, गोवर. भूक कागदावर येतच नाही.

आता सुरुवातीला म्हटलं होतं त्याकडे वळू. सगळी खाती बंद असलेल्या शरीरात एकदम दूध-साखर-भात ओतला, तर पचवण्यासाठी पेशी रक्तातलं पोटॅशियम, फॉस्फरस भराभर ओढून घेतात. हृदयाला लागणारे क्षारच संपतात. त्यात सलाइन चढवलं तर आधीच दमलेल्या हृदयावर पाण्याचा भार पडतो. विझत आलेल्या चुलीत ओंडका कोंबला तर चूल पेटत नाही, उरलासुरला निखाराही जातो. आधी काटक्या घालायच्या.

काटक्या म्हणजे 'एफ-७५' नावाचं दूध. नावातच हिशोब आहे: शंभर मिलिलिटरमध्ये ७५ कॅलरी. प्रथिनं आणि मीठ मुद्दाम कमी ठेवलेलं. ते दर दोन तासांनी, वाटी-चमच्याने किंवा नळीतून, रात्रीसुद्धा. रात्रीचा घास चुकला तर पहाटे रक्तातली साखर घसरते आणि मूल झोपेतच जातं. जुलाबासाठीही नेहमीचं मीठ-साखरेचं पाणी देत नाहीत, सोडियम कमी आणि पोटॅशियम जास्त असलेलं वेगळं द्रावण देतात. लोहाच्या गोळ्या सुरुवातीला बंद, कारण मोकळं लोह जंतूंनाही आवडतं. या दिवसांत वजन वाढवायचंच नसतं. सुजवटीच्या बाळाचं वजन तर आधी उतरतं, सूज ओसरते म्हणून. वजन घटल्याचं बघून आईचा जीव कासावीस होतो आणि नर्स तिला समजावते की हे चांगलं लक्षण आहे. दोघींची अवस्था अवघड असते.

भूक परतली की 'एफ-१००', शंभर मिलिलिटरमध्ये शंभर कॅलरी. बाळाने स्वतःहून वाटीकडे हात केला, की वॉर्डात सगळ्यांचे चेहरे बदलतात. इथून पुढे मात्र खरंच भरपूर खायला घालायचं असतं. चांगली भर म्हणजे दर किलोमागे रोज दहा ग्रॅमच्या आसपास. सहा किलोचं बाळ रोज साठ ग्रॅम वाढायला हवं.

पेज, तेल आणि मोड आलेली नाचणी

घरी काय होतं? आपल्याकडे बाळाला पहिलं अन्न म्हणून भाताची पेज किंवा वरणाचं वरचं पाणी द्यायची रीत आहे. शहरातही आहे, पाड्यावरही आहे. हलकं असतं, पचतं, असं आजी सांगतात. जरा हिशोब करू. तांदळाच्या शंभर ग्रॅममध्ये साधारण साडेतीनशे कॅलरी असतात. पातळ पेजेच्या वाटीत फार तर दहा ग्रॅम तांदूळ येतो, म्हणजे पस्तीस कॅलरी. पाचशे कॅलरीसाठी चौदा वाट्या लागतील. दीड वर्षाच्या बाळाचं पोट केवढं? ते पाण्यानेच भरतं, ढेकर देतं, आणि उपाशी राहतं. वरणाच्या वरच्या पाण्याचं तर बोलायलाच नको, डाळ सगळी खाली आणि ती मोठ्यांच्या ताटात.

उलट, चहाच्या चमच्याएवढं, पाच ग्रॅम तेल घातलं की पंचेचाळीस कॅलरी वाढतात. एका चमच्यात अख्ख्या वाटीपेक्षा जास्त. मऊ भातात वरणासकट डाळ कुस्करून वरून तेल किंवा तूप सोडा, हे सेविका सांगतात ते याच हिशोबाने. आयांना ते पटायला वेळ लागतो, कारण तेल म्हणजे खोकला हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं.

पण भाताचं-पिठाचं प्रमाण वाढवलं की खीर घट्ट गोळा होते आणि बाळ ती गिळत नाही. यावरची युक्ती आपल्या आज्यांना माहीत होती. नाचणी भिजवून, मोड आणून, सावलीत सुकवून, दळायची. धान्याला मोड येताना त्यात अमायलेज नावाचं विकर तयार होतं आणि ते पिष्टमय पदार्थाच्या लांब साखळ्या तोडतं. घट्ट शिजवलेली खीर थोडी कोमट होऊ द्यायची आणि त्यात मोडाचं चमचाभर पीठ ढवळायचं. डोळ्यांदेखत ती पातळ होते. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा जादूच वाटली. पाणी घातलेलं नाही, पीठ तेवढंच, पण बाळ सहज पिऊ शकतं. उकळत्या खिरीत घातलं तर मात्र विकर मरतं आणि काहीच घडत नाही. (गाळून, वस्त्रगाळ करून केलेलं पांढरं सत्त्व निराळं. इथे मोडासकट दळलेलं पीठ हवं.)

शेंगदाण्याची पेस्ट आणि तिचं भांडण

दूध-पावडरीच्या उपचारात एक मोठी अडचण होती: पाणी. छावणीत किंवा गावात स्वच्छ पाणी नसेल तर दूध कालवून ठेवणं म्हणजे जंतूंना आमंत्रण. त्यामुळे प्रत्येक मूल रुग्णालयातच आणावं लागे. तिथे गर्दी, गर्दीत एकमेकांचे आजार, आणि घरी बाकीची लेकरं सोडून आलेली आई चार दिवसांत निघून जायची.

१९९६ साली आंद्रे ब्रियांद हे फ्रेंच बालपोषणतज्ज्ञ आणि मिशेल लेस्कान हे उद्योजक यांनी तोडगा काढला. चॉकलेट-हेझलनटच्या ब्रेडला लावायच्या पेस्टवरून ब्रियांद यांना कल्पना सुचली, असं सांगतात. शेंगदाण्याचा लगदा, दूध पावडर, साखर, तेल, जीवनसत्त्वं आणि क्षार. पाण्याचा थेंब नाही, म्हणून जंतू वाढत नाहीत. ९२ ग्रॅमच्या पाकिटात ५०० कॅलरी, कोपरा फाडायचा आणि चोखायचं. मघाच्या चौदा वाट्या पेज त्या एका पाकिटात. २००५ साली नायजरमधल्या अन्नटंचाईत 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स'ने हजारो मुलांवर घरच्या घरी या पेस्टने उपचार केले, आणि २००७ मध्ये जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ व इतर संयुक्त राष्ट्र संस्थांनी एकत्र पत्रक काढून सांगितलं, की गुंतागुंत नसलेल्या सॅम मुलांना रुग्णालयाची गरज नाही, गावातच बरं करा.

गुंतागुंत आहे की नाही हे कसं कळणार? त्याची परीक्षा साधी आहे. शांत जागी आईने बाळाला मांडीवर घेऊन पेस्ट भरवायची. आवडीने ठरलेलं प्रमाण खाल्लं तर गावातला उपचार. तोंड फिरवलं, किंवा सूज, उलट्या, मरगळ असेल तर रुग्णालय. भूक हेच निदान.

भारतात या पाकिटावरून बरंच वाजलं. २००९ साली केंद्राने युनिसेफला आयात केलेली पाकिटं परत न्यायला लावली. २०१७ मध्ये केंद्राने राज्यांना पुन्हा कळवलं, की या पेस्टच्या बाजूने पुरेसा पुरावा नाही. अन्न अधिकाराच्या चळवळीतल्या अनेकांचा आक्षेप मला समजतो: आज सॅमसाठी पाकीट, उद्या सगळ्याच मुलांना पाकीट, आणि अंगणवाडीची शिजती चूल कंपनीच्या कंत्राटात जाणार. ही भीती पोकळ नाही, पूरक आहाराच्या कंत्राटांचा इतिहास आपण बघितलेला आहे. पण औषध आणि जेवण यांत फरक असतो. लाल पट्टीतलं बाळ काही आठवडे औषध घेणारा रुग्ण आहे, त्याला वाद मिटेपर्यंत थांबता येत नाही. मधला मार्गही आहे. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात याच धर्तीची शेंगदाण्याची पेस्ट इथल्याच सामानातून तयार केली गेली. शेंगदाणा, साखर, दूध पावडर. यात परकं काय आहे? चिक्कीचा हा वैद्यकीय अवतार.

आपल्याकडची सध्याची उतरंड अशी. अंगणवाडीतच ग्राम बाल विकास केंद्र, तिथे दिवसातून अनेक वेळा थोडं थोडं खाणं आणि औषधं. प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालयात बाल उपचार केंद्र. सगळ्यात गंभीर मुलांसाठी पोषण पुनर्वसन केंद्र, जिथे साधारण दोन आठवडे राहावं लागतं. आईला तिथे जेवण आणि बुडीत मजुरी मिळते. ही बुडीत मजुरी क्षुल्लक वाटते, पण लावणीच्या दिवसांत दोन आठवडे घरी पैसा न येणं म्हणजे काय, हे ज्या घरात तांदूळ मापून शिजतो तिथे विचारावं.

उपकार की हक्क

१९१९ साली पहिलं महायुद्ध संपलं होतं, पण ब्रिटन आणि मित्रराष्ट्रांची नाकेबंदी चालूच होती. ऑस्ट्रिया-जर्मनीत मुलं उपासमारीने मरत होती. एग्लँटाइन जेब या बाईंनी लंडनच्या ट्रफाल्गर चौकात एका रोडावलेल्या ऑस्ट्रियन मुलाचा फोटो छापलेली पत्रकं वाटली. सेन्सॉरची परवानगी न घेता पत्रकं वाटली म्हणून खटला झाला, पाच पौंड दंड झाला. आणि सरकारी वकिलानेच ते पाच पौंड त्यांच्या कामासाठी देऊ केले. त्याच वर्षी 'सेव्ह द चिल्ड्रन' उभी राहिली. जेब यांनी लिहिलेला मुलांच्या हक्कांचा जाहीरनामा १९२४ मध्ये राष्ट्रसंघाने स्वीकारला. त्यात एक कलम होतं: भुकेल्या मुलाला खायला मिळालंच पाहिजे. बाप कुठल्या सैन्यात होता, हे विचारायचं नाही.

१९८९च्या बालहक्क करारात तेच कलम २४ होऊन आलं, आणि भारताने तो करार डिसेंबर १९९२ मध्ये मान्य केला. नेमक्या त्याच वर्षी जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला होता. पुढे मेळघाट, नंदुरबार. २००१ साली अन्न अधिकाराची याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली, २००६ मध्ये न्यायालयाने अंगणवाड्या प्रत्येक वस्तीपर्यंत न्यायला सांगितलं, आणि २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्याने ती गोष्ट हक्काच्या भाषेत आणली. या कायद्याचं सहावं कलम फार लोकांना माहीत नाही. कुपोषित मूल शोधणं आणि त्याला मोफत आहार देणं ही राज्य सरकारची जबाबदारी, असं ते म्हणतं. किती आहार तेही २०१३च्या मूळ परिशिष्टात लिहिलं होतं: ८०० कॅलरी, २० ते २५ ग्रॅम प्रथिनं.

मला यात 'शोधणं' हा शब्द सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. आणि घोडं तिथेच पेंड खातं. ज्या सेविकेने लाल आकडा लिहिला तिलाच वरून विचारणा होते, बैठकीत उभं केलं जातं, हे मी एकापेक्षा जास्त ठिकाणी ऐकलं आहे. मग पेन पिवळ्याकडे झुकतं. ताप मोजणाऱ्या नर्सला "ताप का आला" म्हणून झापल्यासारखं हे. सगळ्यात जास्त लाल नोंदी ज्या अंगणवाडीत, तिथली सेविका कदाचित सगळ्यात नेमकं काम करत असते.

आणि काही मुलं मोजायला सापडतच नाहीत. दिवाळी झाली की जव्हार-मोखाड्याची घरं कुलूपबंद होतात. माणसं वीटभट्ट्यांवर, बांधकामांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. गावच्या अंगणवाडीत त्या मुलाच्या नावापुढे 'स्थलांतरित' लागतं, आणि भट्टीशेजारच्या अंगणवाडीत त्याचं नावच नसतं.

आजीचा नातू त्या सकाळी भुकेच्या परीक्षेत पास झाला. पेस्टचं बोट चाटलं, मग पाकीट ओढून घेतलं. पुढचे आठ आठवडे तो अंगणवाडीतच खात होता. मी दिवाळीच्या आसपास पुन्हा गेले तेव्हा पट्टी १२.१ दाखवत होती. पिवळी. वसूबारसेच्या दिवशी ओटीवर त्याची आई सामान बांधत होती, दोन गोण्या आणि एक पातेलं. सेविकाताई तिला पट्टी लावायला शिकवत होत्या. नायजरमध्ये आयांच्या हातात अशा पट्ट्या देऊन बघितल्या आहेत, आणि आरोग्य कर्मचाऱ्यांइतकंच नेमकं त्या मोजतात असं दिसलं आहे. हे त्या ताईंना कुणी सांगितलं नव्हतं.

"सुतळी नसली तरी चालंल," ताई म्हणत होत्या, "अंदाजानं मधोमध धर. दर रविवारी. लाल दिसली तर तिथल्या बाईंना दाखव, त्यांनी नाही बघितलं तर मला फोन कर."

तिने दोनदा लावून बघितली. पहिल्यांदा फार आवळली, दुसऱ्यांदा बरोबर बसली. मग घडी घालून मोबाइलच्या कव्हरमध्ये सरकवली. मुलाच्या दंडावरचा काळा दोरा आजीने तेवढ्यात नवा बांधला होता, जरा सैलच.